जुन्या फोनातलं गाऱ्हाणं

रघुवीर परबांचा फोन सात वर्षांचा होता. नंबर दाबला की पलीकडे रिंग जाईपर्यंत त्यांचा चहा गाळून व्हायचा. मुलगा हेमचंद्र दर दिवाळीला नवीन घेऊया म्हणायचा आणि परब दर दिवाळीला म्हणायचे, "चलता मां? मग कित्याक?" लालबागला मसाल्याच्या गल्लीत तीस वर्षं मिरच्या कुटणाऱ्या डंखावर काढलेला माणूस. चालती वस्तू टाकायची म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

पण यंदा जानेवारीत ते स्वतःच फोन घेऊन नातीसमोर बसले. बसण्याआधी दार लोटून घेतलं. चाळीत दिवसाउजेडी दार लोटणं म्हणजे बातमीच.

"अपूर्वा, ह्या फोनात वाचूक काय ठेवता येता? मोठ्या अक्षरांत?"

"काय वाचायचंय, आजोबा?"

"गाऱ्हाणां."

अपूर्वा हसली, मग त्यांचा चेहरा बघून गप्प झाली. सव्वीस जानेवारीला चाळीत सत्यनारायणाची पूजा असते. पूजा आटोपली की देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं, ते गाऱ्हाणं. आधी गावाकडच्या नऊ देवांची नावं घ्यायची, मग खोलीवार एकेका घराचं नाव घेऊन त्यांचं भलं मागायचं, आणि दर मागण्याला जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. अडतीस वर्षं हे काम परबांकडे होतं, त्याआधी त्यांच्या वडलांकडे. दोघांच्याही हातात कधी कागद कोणी पाहिला नव्हता, आणि चाळीला त्याचा अभिमान होता.

गेल्या वर्षी मात्र अकरा नंबरच्या सखूबाई सावंतांचं नाव राहिलं. मध्येच मायक बंद पडला, असं परबांनी ठोकून दिलं. सखूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मग वर्षभर घावन्यांचं ताट काही पाठवलं नाही. परबांना ही शिक्षा बरोबर कळली.

"मायक बंद पडूक नव्हतो," परब हळूच म्हणाले. "माका आठवलाच नाय. आता देवांची नावा पण मागेपुढे होतत. मंडळाचो सेक्रेटरी, तो रामदास, म्हणता, यंदा कोणा तरण्याक देऊया. यंदा चुकलंय तर संपलाच."

म्हातारा घाबरला होता, आणि ते सांगायला त्याला घरात ही एकच पोरगी सापडली होती. अपूर्वाला एकदम भरून आलं. तिनं ते लपवायला फोन ओढून घेतला.

"नवीन कशाला? ह्यातच होईल. जागा भरलीये नुसती."

साफसफाईचं एक ॲप टाकून तिनं आधी आठ हजार सुप्रभात बाहेर काढले, गुलाबांसकट. जड ॲप काढून त्यांच्याच हलक्या आवृत्त्या घातल्या. पडद्यावर नुसती मोठी बटणं ठेवणारं एक ॲप मिळालं, त्यात चार बटणं केली: फोन, फोटो, टॉर्च, गाऱ्हाणं. चौथं बटण दाबलं की ठसठशीत अक्षरं आपोआप वर सरकायची, बातम्या वाचणाऱ्यांसमोर सरकतात तशी. परबांनी ती चारदा वर-खाली पळवून बघितली.

नावं लिहायला आठवडा गेला. ते आठवतील तशी सांगायचे, राहिलेली ती जिन्याखालच्या पत्रपेट्यांवरून टिपून आणायची.

"आजोबा, चोवीस खोल्या आणि नावं तेवीसच. आपला चौदा नंबर कुठाय?"

"तो घेवचो नाय. मागणाऱ्यान आपला नाव घेवचा नाय. बाबांनी सांगितलेला."

आता अडचण उरली बॅटरीची. ती जेमतेम दुपारपर्यंत टिकायची. म्हणून अपूर्वानं पाचवं बटण केलं, हिरव्या पानाचं. "चार्जिंग वाचवायचं असलं की हे पान दाबा. पाच मिनिटं ज्या ॲपला कोणी हात लावला नाही, ते हे आपणहून बंद करतं." परबांनी त्यातलं पहिलं वाक्य मनात पक्कं केलं आणि दुसरं सोडून दिलं.

सव्वीसला संध्याकाळी चाळीच्या चौकात सतरंज्या पडल्या, पूजा झाली. पानसुपारीच्या तबकात, नारळाला टेकवून, कोणाला दिसणार नाही असा फोन उभा होता. ऐन वेळी बॅटरी दगा देऊ नये म्हणून परबांनी आधी हिरवं पान दाबलं. मग गाऱ्हाण्याचं बटण दाबलं आणि खाकरून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! आज जी काय ह्या लेकरांनी तुझी सेवा केली हा, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नऊ देव सुखरूप पार पडले. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. परबांचा आवाज चढला. रामदाससुद्धा मान डोलवायला लागला. सात नंबर झाला आणि पडद्यावरची अक्षरं जाऊन नुसती बटणं उरली. पाच मिनिटं गाऱ्हाण्याला कोणी हात लावला नव्हता.

परबांनी घाईघाईनं बोट टेकवलं, ते टॉर्चवर पडलं. नारळ लख्ख उजळला. पोरं खिदळली. पुन्हा गाऱ्हाण्याचं बटण दाबावं तर अक्षरं परत पहिल्या देवापासून सुरू झाली असती. आठ नंबर कोण? रोज त्या दारावरून आपण येतो-जातो. दाराचा रंग आठवत होता, दारातली चपलांची फळी आठवत होती, नाव काही केल्या येईना. मागे अपूर्वा अर्धवट उठली.

चौक वाट बघत होता. पण जमलेल्यांनाही अडतीस वर्षांची सवय. परब थांबले की आपली पाळी.

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

काही मागायच्या आधीच! परबांना हसू फुटलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तबक बाजूला सारलं आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! गेल्या वर्सा मायक बंद पडूक नव्हतो. सखूबायचा नाव मीच इसारलंय. आता माका नावा आठवणत नाय रे म्हाराजा!"

ह्याला व्हय म्हणावं की म्हणू नये, कोणालाच कळेना. मग बायकांच्या बाजूनं सखूबाईंचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" आणि त्यांच्या मागून सगळा चौक म्हणाला.

"माझ्या इसरण्यान कोणाचा घर तुझ्या पदराभायर रवाक नको. आता ज्येचा त्येना आपला नाव सांगूचा, आणि तू ऐकान घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आठ नंबर, निमेश तावडे!" तावडे उठून उभे राहिले. "व्हय म्हाराजा!" नऊ झाला, दहा झाला. अकरा नंबर सखूबाईंनी असा सांगितला की नाक्यापर्यंत ऐकू जावा. बारा. तेरा. आणि मग शांतता.

परब नारळाकडे बघत उभे होते. वडलांचा शब्द त्यांना मोडवत नव्हता. पंधरा नंबरवाल्यांनी वाट बघून तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"चौदा नंबर, रघुवीर परब!" अपूर्वा आता पूर्ण उभी राहिली होती. "त्यांची आठवण सांभाळ रे म्हाराजा!"

त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा!" चौदा नंबरला पडला. रामदासनं तो हात जोडून म्हटला. फक्त परबांना म्हणता आला नाही. परबांनी डोळे पुसेपर्यंत पंधरा नंबरवाले थांबून राहिले.