रावणाचा खांदा

शिमग्याच्या नमनात, म्हणजे गावच्या सोंगांच्या खेळात, गुणाजी रावण व्हायचा. एरवी त्याला घरची कोंबडीसुद्धा वाट सोडत नसे. पण हातखंब्याच्या अलीकडच्या त्या वाडीत खेळे उभे राहिले, की रावण गुणाजीच, हे इतकं ठरलेलं की पोरं त्याला बारा महिने रावणआजा म्हणत आणि तो खुशाल ओ देई.

गेल्या मे महिन्यात तो आंब्यावरून पडला. बाग दुसऱ्याची, आंबे दुसऱ्याचे, खांदा तेवढा त्याचा. पलीकडच्या गावातल्या हाडवैद्यानं तो बसवला खरा, पण स्वतःच्या सोयीनं बसवला. तेव्हापासून गुणाजीचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली राहिला, एका बाजूनं खचलेल्या पडवीसारखा.

शिमगा तोंडावर आला तसं नमनाचा म्होरक्या दाजी चारचौघांत बोलला, की रावण वाकडा दिसतो. मुंबईच्या गिरण्यांच्या संपापासून रघू गावी बसून आहे, छाती बघा त्याची, रविवारच्या तालमीत दोघांनाही उभं करू आणि ठरवू. दाजीची स्वतःची पाठ कोयतीसारखी वाकलेली. पण म्होरक्याची पाठ कोण बघतो?

गुणाजी घरी आला आणि पुढ्यातली भाकरी त्यानं बाजूला सारली. त्याची बायको ठमाबाई काय ते समजली. हा माणूस वर्षभर लोकांच्या बागांतून मान खाली घालून कामं करतो. वर्षातून एकदाच त्याला सगळ्यांवर ओरडायला मिळतं आणि बागवालेसुद्धा समोर बसून निमूट ऐकून घेतात. तेवढंही काढून घ्यायला निघाले होते.

तिनं पेटीतलं तांबडं लुगडं काढलं. पिवळ्या काठाचं, ठेवणीतलं.

"ह्याचा काय करतंस गो?" गुणाजीनं विचारलं.

"तुमका झूल शिवतंय."

झूल बैलाला घालतात, असं तो फणकारून म्हणाला. त्यावर ती म्हणाली, की बैल असं तोंड पाडून बसत नाही, म्हणून तर मापं घेताना जरा अडचण होणार.

शिवणाचं यंत्र वाडीत कुणाकडेच नव्हतं. ठमाबाईनं लुगड्याचा लागेल तेवढा तुकडा फाडला, दुमडून अंगणात पसरला. काठ आणि घडी जिथं मिळतात तो कोपरा गळ्याचा. तिथं सुतळीचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसऱ्या टोकाला चुलीतला कोळसा बांधला आणि कापडावरून गोल फिरवला. गळ्यापाशी तसाच एक लहान गोल. खुणेवरून कापून घडी उघडली, तर मोठी अर्धी भाकरी. पिवळा काठ आपसूक समोरच्या दोन्ही बाजूंना आला. खालच्या गोलाला मात्र उरलेल्या लुगड्याचा सरळ काठ काही केल्या बसेना, फुगून वर येई. शेवटी तिनं बारीक बारीक चुण्या घालत तो वळवला आणि बोटांना सुई टोचल्यावर दाजीच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

राहिला खांदा. गुणाजीला उभं केलं, तो घरात उभा राहतो तसा उभा राहिला, म्हणजे गळपटलेला. ठमाबाईनं पाण्याला जायची आपली चुंबळ आणली. चिंध्या गुंडाळून केलेलं ते कडं रोज तिच्या डोक्यावर, हंड्याखाली असायचं. ते दाबून, चेपून उजव्या खांद्यावर बसवलं आणि आतून टाके घातले. आता दोन्ही खांदे एका रेषेत आले. गुणाजीनं दाढीच्या आरशात बघितलं. आरशात एका वेळी एकच खांदा मावत होता, त्यामुळे दोन्ही त्याला झकास दिसले.

रविवारी उन्हं कलल्यावर, देवाची पालखी टेकवतात त्या सहाणेसमोर तालीम सुरू झाली. बायका दगडी गडग्यापलीकडे. खेळ्यांच्या रिंगणात बाईनं पाय ठेवायचा नाही, अशी तिथली रीत. गवळण व्हायला पुरुष चालतो, बायकांची लुगडी नेसून मुरडलेला चालतो, पण बाई चालत नाही. असल्या रीती कोणी घातल्या हे विचारलं, की सगळे पुरुष देवाकडे बोट दाखवतात.

आधी रघू उभा राहिला. छाती होती, पण आवाज एसटीत राजापूरचं तिकीट मागावं तसा. मग गुणाजी आला. चालत आला तोवर ती झूल अशी शोभली की बायका गडग्यावर वाकून बघू लागल्या. सदूनं मृदंगावर थाप मारली.

आणि घोटाळा झाला.

थापेसरशी गुणाजी गुणाजी राहिलाच नाही. मान उठली, छाती भरली आणि तो पडलेला खांदा आपला आपण वर चढला, डाव्याच्या बरोबरीला. त्यावर चुंबळ. उजवीकडे कानापर्यंत टेंगूळ आलं, झूल एका अंगानं पोटरीच्या वर गेली. रावण आता उलट्या बाजूनं वाकडा. लोक हसता हसता खाली बसले. दाजीनं हात वर केला, रघूकडे वळला.

ठमाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं माप घेतलं ते नवऱ्याचं. रावणाचं घ्यायचं राहिलं होतं.

ती गडगा ओलांडून सरळ रिंगणात गेली. कुणीतरी ओरडलं, तिकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या गळ्यापाशी हात घातला, टाके दातांनी तोडले, चुंबळ ओढून काढली. ती काखेत मारून दाजीकडे वळली.

"दाजीभावजी, चूक शिवणारणीची हाय, रावणाची नाय. परत वाजवायला सांगा."

"वयनी, रिंगणात बाई..."

"लुगडा चालला ना माजा रिंगणात? मग मी आल्यान काय बिगाडला?"

दाजीनं सदूला खूण केली.

मृदंग वाजला. खांदा चढला, झूल दोन्हीकडे सारखी पडली, पिवळा काठ घोट्याभोवती फिरला आणि गुणाजीनं अशी आरोळी दिली की पारावरचे कावळे उडाले. थाप थांबली तसा खांदा हळूच खाली आला. दाजीनं ते बघितलं. मग सदूला म्हणाला, "रावण आत जाईसर तू हात थांबवू नको. थांबवलास तर तुलाच रावण करीन."

घरी जाताना गुणाजी झूल काढायला तयार होईना. भर वाटेत तो म्हणाला, सगळ्यांसमोर माझी इज्जत काढलीस. ठमाबाई म्हणाली, इज्जत नाही, चुंबळ काढली, आणि उद्या ती मला लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली, तर बायका आधीच वाट बघत होत्या. जनी म्हणाली, बघा गो, रावणाचा खांदा डोक्यावर घेऊन आली. ठमाबाईनं चुंबळ नीट बसवली, भरलेला हंडा वर ठेवला.

"मग," ती म्हणाली, "वर्षभर तो मीच उचलतंय."