मावशीच्या काजूची रोपं

सांव जुआंवच्या सणाच्या आदल्या दिवशी आमच्या भागात कोणाचंच कामात लक्ष नसतं. गावी शेकोट्या रचलेल्या असतात, मका शिजत असतो, आणि शेवटची बस चुकली की सण बोंबलला. एडिव्हानियाने घाई केली ती एवढ्यासाठी.

काम तसं सोपं होतं. प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांमधून काजूची बोटभर रोपं वाढवलेली. कोणत्या झाडाची रोपं तग धरतात ते बघायला त्यांना दुष्काळ दाखवायचा, तर बरणीतल्या घट्ट खाद्यावर पाणी ओढून धरणारं द्रावण ओतायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी निथळून टाकायचं आणि मग त्यात रोप लावायचं. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या इल्दाझियूने आपल्या मावशीच्या झाडाच्या रोपांसाठी बरण्या अशाच केल्या होत्या. एडिव्हानियाने सकाळी ओतलं, दुपारीच निथळलं, रोपं लावली आणि बस गाठली. एवढ्यानं काय बिघडतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पुढं इल्दाझियूच्या रोपांनी माना टाकल्या आणि हिची हिरवीगार राहिली. हिची रोपं हिच्याच गावच्या झाडाची. प्रयोगशाळेच्या प्रमुख डोना लिंदाउरा तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तुझ्या गावचा काजू भलताच चिवट निघाला गं. सरकारी रोपवाटिकेत हाच जाणार."

एडिव्हानियाच्या मनात पाल चुकचुकली: द्रावण पुरतं मुरलंच नाही, तर दुष्काळ तरी कुठं पडला? पण संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, पाद्रीबाबांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं." झालं, बाईसाहेबांनी तोंड मिटलं.

तरी चैन पडेना. तिनं गुपचूप दोन बरण्या पुन्हा केल्या, या वेळी रात्रभर मुरवून. थोड्याच दिवसांत एका सकाळी तिच्या गावच्या चिवट काजूचीही पानं वळून काळी पडलेली दिसली. आता सांगायलाच हवं म्हणून ती निघाली, तर धुण्याच्या खोलीत इल्दाझियू ऑटोक्लेव्ह भरत होता. ऑटोक्लेव्ह म्हणजे थोराड प्रेशर कुकरच. टाकाऊ रोपं फेकण्याआधी त्यात उकळतात.

"या राणीसरकार," तो म्हणाला. "तुमच्या लेकरांसाठी फळी रिकामी करायचा हुकूम आहे. जरा हात लाव."

"ही तर हिरवी आहेत. दुष्काळ न दाखवता राखीव ठेवलेली ना?"

"नापास घराण्यातली पोरं, ठेवून काय करू? मावशी असती तर लाटणं घेऊन अंगावर धावली असती माझ्या." तो हसला, पण हसू काही टिकलं नाही. मावशी गेली होती, आणि तिच्या अंगणातलं झाड मे महिन्यातल्या वादळात उन्मळून पडलं होतं. त्या झाडाचं म्हणून उरलं होतं ते एवढंच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. आणि कहर म्हणजे, तिनं फळीवरची एकेक बरणी उचलून त्याच्या हातात दिली. लाज वाटत होती म्हणून गप्प राहिली, आणि गप्प राहिली त्याची आणखी लाज वाटायला लागली. झाकण बसलं, वाफ धरली, तेव्हा कुठं तिला कंठ फुटला. बस, दुपार, द्रावण, सगळं तिनं सांगून टाकलं.

इल्दाझियूने बटण बंद केलं. दाब उतरल्याशिवाय झाकण उघडत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"म्हणजे बरण्या देताना ठाऊक होतं."

तिनं मान डोलावली. तो ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं. तो दाबाच्या काट्याकडे बघत उभा राहिला. तीही राहिली, कारण निघून जायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

झाकण उघडलं तेव्हा खोलीभर शिजलेल्या पालेभाजीचा वास पसरला. इल्दाझियूने हातमोजे चढवून पहिली बरणी बाहेर काढली.

"मघाशी एकेक करून देत होतीस ना," तो म्हणाला. "आता एकेक करून परत घे."

एडिव्हानियाने हात पुढे केले. बरण्या चटके देत होत्या. तिनं फडकं मागितलं नाही.