निळ्या रंगाखालचे गाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. भिंतीवर टांगायचा, कापडावर छापलेला, वर-खाली लाकडी दांड्या असलेला. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा एक अख्खा परगणा माझ्या अंगावर आहे. सध्या मी स्टॅनबेक गावाच्या सभागृहामागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या आड उभा असतो. दार वाजले की मला अजून तोंड लपवावेसे वाटते. असे का, ते तुम्हाला सांगतो.

ज्या छापखान्यात माझा जन्म झाला, तिथला म्हातारा कारागीर मोठा काटेकोर होता. नद्या, पायवाटा, चर्चचे मनोरे, चार घरांच्या वस्त्या, सगळी नावे त्याने भिंगाखाली तपासली. मग जाड लाल रेघांनी परगण्याचे पाच मतदारसंघ पाडले. प्रत्येक मतदारसंघातून एक खासदार, असा तो हिशेब.

स्टॅनबेकच्या सभागृहात मला भिंतीवर चढवले गर्व्हेस लमली यांनी. ते लिलाव पुकारायचे. आवाज खणखणीत, मन मोकळे. निळ्या पक्षाचे गावातले सगळे काम त्यांच्याच अंगावर असे. निवडणूक झाली की ते शिडी आणि रंगाचा डबा घेऊन येत आणि आपल्या पक्षाने जिंकलेले मतदारसंघ निळे करत. पाचही निळेच असायचे. पुढच्या निवडणुकीतही तेच व्हायचे, मग जुन्या रंगावर नव्याचा हात फिरायचा. पाहुणे आले की ते मला दाखवत, "बघा, एक ठिपका दुसऱ्या रंगाचा सापडतो का." लोक मान डोलवत. मला केवढा अभिमान वाटे! रंगाच्या थरांखाली माझी बारीक अक्षरे बुडत चालली होती, हे मला जाणवत होते. पण कौतुक चालू असताना असल्या गोष्टी कोण मनावर घेतो?

त्या बुडालेल्या अक्षरांत एक नाव होते मार्श एंड. समुद्राच्या बांधाआड वसलेली छोटीशी वस्ती. तिथे डोरकस पेलिंग आणि तिची थोरली बहीण लेटिस राहत. डोरकस आयुष्यभर सायकलवरून टपाल वाटत आली होती. मतदान याच सभागृहात होई. त्या दिवशी ती ठेवणीतला कोट घालून येई आणि पिवळ्या पक्षाला मत देई. तो पक्ष इथे कधीच जिंकला नाही. गर्व्हेस आणि ती शाळेपासूनचे मित्र. ते तिला चिडवायचे, "डोरकस, यंदा तरी मत वाया घालवू नकोस." ती म्हणायची, "माझं आहे. घालवीन नाही तर जपून ठेवीन."

एका वर्षी बांधाला भेगा पडल्या. डोरकस खासदारांकडे गेली. क्रिस्पिन हेल हे त्यांचे नाव. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले, बघतो म्हणाले. ती पुन्हा गेली, पुन्हा चहा मिळाला. त्या भागातून ते कसेही निवडून येतच होते. मार्श एंडला गेले काय आणि न गेले काय, त्यांचे काहीच अडत नव्हते.

हिवाळ्यात वादळ आले आणि बांध फुटला. वस्तीतल्या माणसांना होड्यांतून काढून याच सभागृहात आणले. लेटिस घोंगडी पांघरून माझ्याच खाली बसली होती, मांडीवर भिजलेले मांजर घेऊन. तिचे घर पुन्हा राहण्याजोगे झालेच नाही. वसंत ऋतूत, शहरातल्या वृद्धाश्रमात, ती वारली.

त्याच वर्षी देशभर मतदानाची पद्धत बदलण्याची चर्चा सुरू झाली. आमच्या सभागृहातही सभा भरली. समजावून सांगायला रुहिना अख्तर आल्या होत्या. शहरातल्या शाळेत त्या गणित शिकवत. त्यांनी माझ्या शेजारी उभे राहून सांगितले, या परगण्यात दर पाच माणसांतले दोघेच निळ्याला मत देतात. उरलेल्या तिघांची मते पिवळ्या, लाल आणि हिरव्या पक्षांत विखुरतात. म्हणून प्रत्येक मतदारसंघात निळा पुढे राहतो आणि पाचही जागा त्याच्याच होतात.

मग त्यांनी माझ्या लाल रेघांवर बोट ठेवले. "आतल्या या रेघा काढून टाका. सगळा परगणा मिळून एकच मतदारसंघ, खासदार मात्र पाचच. ज्याची जेवढी मते, तेवढा त्याचा वाटा. दोन निळे, दोन पिवळे, एक लाल."

"आणि हिरवे?" मागून कोणी तरी विचारले.

"पाच जागांत त्यांना अजून जागा नाही," बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

गर्व्हेस उठले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. "आज माणसाला ठाऊक असतं, आपला खासदार कोण ते. उद्या पाच असतील आणि पाचही शहरात राहतील. मग दार कुणाचं ठोठावायचं?"

टाळ्या पडल्या. क्रिस्पिन हेल पहिल्याच रांगेत होते. त्यांना जोर चढला. "माझ्या मतदारसंघातलं गाव न् गाव मला माहीत आहे," ते म्हणाले.

डोरकस उभी राहिली. "मग मार्श एंड दाखवा."

ते हसत माझ्याजवळ आले. त्यांचे बोट किनाऱ्यावरून वर सरकले, खाली आले, नदीच्या मुखाशी घुटमळले. सगळीकडे निळेच निळे. "इथेच कुठे तरी," ते पुटपुटले. कोणी तरी फिसकन हसले. गर्व्हेस आपल्या बुटांकडे पाहत होते. डोरकस चालत आली आणि तिने आपला तळवा माझ्यावर ठेवला. जागा तिला वाचावी लागली नाही. "इथे. माझी बहीण इथे राहायची."

मित्रांनो, भिंतीत गाडून घ्यावे असे मला वाटले. ते खासदार अडाणी ठरले, ती त्यांची लाज. पण नकाशाचे काम काय? गाव दाखवणे. तेवढे एकच काम माझे, आणि मी छान दिसण्याच्या नादात गाव गिळून बसलो होतो.

सभेत थोड्या मतांच्या फरकाने नव्या पद्धतीच्या बाजूने ठराव झाला आणि तो लंडनला गेला. अजून तरी उत्तर आलेले नाही. गर्व्हेसनी विरोधातच हात वर केला होता. पण दुसऱ्या दिवशी ते टर्पेंटाइन आणि फडके घेऊन आले. शिडी डोरकसने धरली. निळा रंग सुटू लागला, आणि त्याच्याबरोबर खालचे नावही फडक्यावर आले. गर्व्हेस शिडीच्या पायरीवरच बसले.

"रंग काढायला गेलो आणि नावच गेलं गं."

डोरकसने पर्समधून पेन काढले आणि त्या पांढुरक्या डागावर मोठ्या अक्षरांत 'मार्श एंड' लिहिले. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते.

"तुझ्या त्या नव्या पद्धतीला माझा अजून विरोध आहे बरं का," थोड्या वेळाने गर्व्हेस म्हणाले.

"असू दे की. पाचांत दोघं तुमचे असणारच."

ते हसायला गेले, पण त्यांना हसू आले नाही. फडके हातात घेऊन ते बराच वेळ ते दोन शब्द वाचत राहिले.

आता सभागृहाच्या भिंतीवर माझ्या जागी नवा नकाशा आहे. त्याच्यावरही पाच मतदारसंघांच्या रेघा आहेतच. त्या राहतील की जातील, मला सांगता येत नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी तरी नकाशा रंगवाल. आपल्या आवडीचा रंग जरूर भरा. पण हात हलका ठेवा आणि मधूनच जवळ जाऊन पाहा, खालचे नाव अजून वाचता येते ना. माझ्याजवळ येऊन कोणी पाहिले नाही, आणि मीही कोणाला हाक मारली नाही.