चार अक्षरांची जागा

मी एक जुना शिशाचा ठसा आहे, मित्रांनो. माझ्यावर एकच शब्द आहे, तोही उलटा. कागदावर टेकलो की तो सुलट उमटतो: ‘जाहिरात’.

मुंबईच्या एका कारखान्यात मला ओतले आणि १९५६ साली मी अकोल्याच्या जठारपेठेतल्या छापखान्यात आलो. मालक हेमचंद्र एक साप्ताहिक काढत. मजकुराचे खिळे जुळवणारा मोतीराम माझी शाई पुसताना म्हणे, “हा आपला चोपदार. हा पुढं, मंग शेटजी!” साड्या, सरकी, सायकली, सगळे माझ्याखाली मुकाट उभे राहत. मला फार अभिमान वाटे.

मग तान्ह्या बाळांना पाजायच्या ‘बाळसे घुटी’चे वामनराव आले. “साहेब, जाहिरात म्हटलं का लोकं पान उलटवते. बातमीवानी छापा. वरचा तेवढा शब्द काढा, दुप्पट देतो.”

कागद महाग झाला होता. हेमचंद्रांनी होकारार्थी मान हलवली. मी खणात पडलो. घुटी बातमी झाली: ‘रडकी मुले शांत झोपू लागली.’ त्या पैशावर अंक पार दूर मोर्शीपर्यंत जाऊ लागले.

एका दुपारी अंजनगावची वच्छला थेट छापखान्यात आली. खांद्यावर निपचित बाळ.

“पेपरवाले भाऊ कोनते? तुमी लिवलेली घुटी पाजली. कालपासून पोरगं डोये उघडून नाई राह्यलं. आता कितीक पाजू?”

“बाई, ते आम्ही लिहिलेलं नाही,” हेमचंद्र म्हणाले.

“मंग कोनं लिवलं? पेपर तुमचाच हाय ना?”

आवाज ऐकून हेमचंद्रांची बी.ए. झालेली पत्नी चारुशीला मागच्या घरातून आली. तिने आपली तान्ही कुंदा मोतीरामच्या हातात दिली आणि वच्छलेला टांग्यात घालून दवाखान्यात नेले. घुटीत अफू असावी, असे डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी बाळाने डोळे उघडले.

“उद्याच्या अंकात घुटी नको,” घरी आल्यावर चारुशीला म्हणाली.

“मग अंकच नको म्हण. वर्गणीत कागदसुद्धा सुटत नाही.”

“म्हणजे आपण वाचकांना पेपर विकतच नाही. वामनरावांना वाचक विकतो.”

तिने मला खणातून काढले, पदराने पुसले आणि पहिल्या पानावर बसवले. माझ्याखाली मोतीरामने तिने सांगितलेले जुळवले: ‘घुटीची बातमी ही बातमी नव्हती. तिचे पैसे घेतले होते. घुटी पाजू नका. पाजली असल्यास बाळाला डॉक्टरांकडे न्या.’

“छापखाना जाईल, चारू.”

इतक्यात आत कुंदा रडू लागली. हेमचंद्र उठणार, तोच चारुशीला म्हणाली, “रडू द्या. रडतेय, ते ऐकू येतंय ना तुम्हाला?”

हेमचंद्र थांबले. मग स्वतःच यंत्रापाशी जाऊन त्यांनी तो अंक छापायला घेतला.

वामनराव गेले. त्यांच्या मागोमाग सरकी गेली, सायकली गेल्या. वर्षभरात साप्ताहिक बंद पडले. घुटीची बातमी दुसऱ्या कुणाच्या पेपरात येऊ लागली. आज मी चारुशीलेच्या शिवणयंत्राच्या खणात आहे. तिला अजून धास्ती वाटते, तो अंक ज्या घरी पोचला नाही, तिथे काय झाले असेल?

म्हणून सांगतो, मित्रांनो. मी दिसलो की तुम्ही सावध होताच. पण जिथे मी असायला हवा आणि नाही, तिथे थांबा. मोठ्यांनाही थांबवा. कुणीतरी माझ्या जागेचे पैसे दिलेले असतात.