आखूड पायाचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. म्हणायला पाय चार, पण भार तिघांवरच; चौथा जन्मापासून नखभर आखूड. कारखान्यात करवत जरा जास्त चालली. सुताराने मला हलवून पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय!" त्या एका शब्दावर माझी विमानतळावर पाठवणी झाली.

तिथल्या बर्गरच्या दुकानात मला जागा मिळाली. तपासणीच्या दाराच्या अलीकडे, म्हणजे निरोप द्यायला आलेल्यांनाही बसता येई. बर्गर एवढा उंच की भलेभले आ वासत, आणि सॉस शेवटी माझ्यावरच सांडे. पुसणाऱ्या मावशी म्हणायच्या, "एवढं सोसतंय, पण एक डाग धरत नाही हो!" तेव्हा माझ्या लाकडी अंगावर मूठभर मांस चढायचं.

डाग धरला नाही, पण एक गोष्ट मनातून पुसली जात नाही.

एकदा एक बाप आणि त्याची लेक समोरासमोर बसली. लेक दूरदेशी नोकरीला निघाली होती, आणि तिने ते ठरवल्यापासून बापाने अबोला धरला होता. ती बर्गर आणायला गेली, तसा तो रिकाम्या खुर्चीकडे बघून पुटपुटला, "माझा राग नाही गं. तू जा, मोठी हो." पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. शब्द छान जमले होते.

लेक ट्रे घेऊन आली. बापाने तोंड उघडलं आणि नेमकी मी मान टाकली. पेला कलंडता कलंडता राहिला.

"अरेच्चा, पाय आखूड दिसतोय याचा!" तो म्हणाला. दुसरंच काहीतरी बोलायला मिळाल्याने त्याला केवढं हायसं वाटलं!

"बाबा, राहू द्या ना ते. खा, गार होतंय."

"अगं, सांडेल तुझ्या अंगावर. प्रवासाचे कपडे आहेत."

तो वाकून कागदी रुमालाच्या घड्या घालत बसला. एक पातळ झाली, दुसरी जाड. तेवढ्यात लेकीने त्याच्या बर्गरचा वरचा पाव काढून ठेवला, त्याला घास नीट घेता यावा म्हणून. मग विमानाची घोषणा झाली.

"बाबा, जाते मी."

मित्रांनो, निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, 'येते' म्हणायचं असतं. बापाने तिला हे लहानपणापासून शंभरदा शिकवलं असणार. ती मुद्दाम चुकली, असं मला आजही वाटतं. बॅगेची दांडी धरून ती जराशी थांबलीसुद्धा.

"हं, झालंच," खालून आवाज आला.

तो वर आला तेव्हा माझं डुगडुगणं साफ थांबलं होतं आणि समोरची खुर्ची रिकामी होती. तो दारापर्यंत धावला. रखवालदाराने तिकीट मागितलं. तो परत येऊन बसला आणि खुर्चीला म्हणाला, "येते म्हण गं, बाळा." तिचा अर्धा बर्गर त्याने रुमालात गुंडाळून नेला.

ती घडी मावशींनी कधी काढली नाही. पुढे गोल, चकचकीत टेबलं आली आणि मला मागच्या खोलीत ढकललं. घडी जुन्या जागी जमिनीवरच राहिली आणि केराबरोबर गेली. आता अंगावर सॉसची खोकी आहेत आणि डुगडुग पुन्हा सुरू आहे.

टेबलांची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. पण मित्रांनो, तसं सांगवत नाही. आमचं डुगडुगणं चालतंय. सॉस सांडला तर सांडू द्या, कपडे धुता येतात. तुम्ही वाकू नका, वर बसून राहा. आणि समोरचं माणूस 'जाते' म्हणालं तर लगेच टोका. ते त्याचीच वाट बघत उभं असतं.