रिकामा ट्रे

मित्रांनो, कोपऱ्यात धूळ खात पडलेले हे करडे खोके म्हणजे मी, एक जुना फॅक्स. तारेवरून आलेली अक्षरे कागदावर उतरवायची, एवढेच माझे काम होते.

माझी उमेदीची वर्षे इंग्लंडमध्ये, विमानतळाशेजारच्या एका कोंडवाड्यात गेली. आसरा मागायला आलेल्या आणि सरकारने नाकारलेल्या माणसांना परत धाडेपर्यंत तिथे डांबून ठेवत. त्यांच्या वकिलांचे कागद माझ्यातूनच येत. एकदा मी न्यायाधीशांचा हुकूम उतरवला आणि एक बाई सुटली. जाताना तिने माझ्या झाकणावरून हात फिरवला होता.

पुढे तिथे एक किळसवाणी रीत पडली. विमान भरायच्या दिवशी तिथले अधिकारी ट्रेव्हर पास्को साहेब सकाळीच माझ्या ट्रेमधले कोरे कागद काढून कपाटात ठेवू लागले. कागद नाही म्हणजे हुकूम नाही, आणि विमानातली एकही जागा रिकामी जात नाही.

हेमिन नावाचा कुर्दी न्हावी तिथे सात महिने होता. गावी त्याच्या भावाला मारले होते आणि यालाही सोडणार नाही, असा निरोप होता. त्याला विमानात बसवायच्या दिवशी तो चार वेळा आमच्या कचेरीच्या खिडकीशी आला.

"साहेब, माझं काही आलं का?"

"मशीन थंड आहे रे. वकिलाला म्हणावं, कबुतर पाठव."

मी थंड नव्हतो. दोन वाजून दहा मिनिटांनी आलेला हुकूम माझ्या पोटात होता आणि माझा लाल दिवा लुकलुकत होता. पास्कोंनी त्यापुढे चहाचा मग ठेवला.

चारला बस गेली. साडेचारला मॉरीन या म्हाताऱ्या कारकूनबाईंनी कागद भरले आणि मी सगळे ओकून टाकले. हेमिनला पाठवू नये, असे पहिल्याच ओळीत होते.

"ट्रेव्हर, विमान सहाचं आहे. विमानतळावर फोन कर."

पास्कोंनी कागदाच्या माथ्यावरची, तो दोन दहाला आल्याची ओळ पट्टी लावून नीट फाडली. "आत्ता आलंय ना हे? फाइलला लाव. सोमवारी बघू."

मॉरीनबाईंनी तो फाइलला लावला. मग जाऊन बराच वेळ हात धुतले.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका. पण उद्या तुमच्यापैकी कुणी अशा खिडकीमागे बसेल. सकाळी ट्रेमध्ये कागद आहेत ना, ते पाहा. आणि माझं काही आलं का, असे कुणी विचारले, तर खुर्चीतून उठून बघून या. चौथ्यांदा विचारले तरी उठा. हेमिनला पाचव्यांदा विचारता आले नाही.