चौकटीतली तारीख

तटाच्या आतल्या वस्तीत घर घ्यायचं तर नुसते पैसे पुरत नाहीत, समितीच्या अध्यक्षांची सही लागते. वस्ती ऐतिहासिक आहे म्हणे. मी सुतार, माझे वडीलही सुतार. चाळीस वर्षं आमच्या घराने इथल्या खिडक्या सांभाळल्या, आणि चाळीस वर्षं मागच्या जिन्याने चढ-उतर केली, कारण पुढच्या जिन्यावर कामकऱ्यांना मज्जाव. त्यातल्याच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मला हव्या होत्या. विकणाऱ्या बाई शुक्रवारपर्यंत थांबणार होत्या. आज गुरुवार होता.

अध्यक्ष त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांनी माझा अर्ज दोन बोटांत धरला.

"तुमच्याबद्दल आकस नाही हो. पण कारागीर माणसांना जुन्याची कदर नसते. उद्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवाल."

शेजारी बसलेल्या नवऱ्याने माझ्या पायावर पाय ठेवला, म्हणजे गप्प बस. मला ते जमत नाही, तरी बसले.

सर उठून खिडकीपाशी गेले. "ही बघा, दोनशे वर्षांची. विद्यार्थी मुद्दाम बघायला येतात. हात फिरवून बघा. असं काम आता कुणाला जमायचं नाही."

हात फिरवायची गरजच नव्हती. खिडकी माझी होती.

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि सर "अहो, अहो" करेपर्यंत चौकटीची आतली पट्टी उघडलीसुद्धा. आमच्यात खिडकी बसवली की पट्टीखाली पेन्सिलीने तारीख लिहितात आणि काम कुणाचं तेही. तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती. खाली वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'काम लेकीचं'. वडील जाऊन चार वर्षं झाली. मला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. "हे कसं शक्य आहे?"

"वाळवी लागली होती," दारातून त्यांच्या बायको म्हणाल्या. "तुम्ही सहा महिने परदेशात व्याख्यानं देत होतात. सांगितलं असतं, तर वाळवीसुद्धा ऐतिहासिक आहे म्हणाला असतात. म्हणून यांच्याकडून होती तशी करून घेतली."

सरांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी सही करतो. फक्त ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको."

नवरा हो म्हणणारच होता. आता मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

"जाणार," मी म्हणाले. "माझं काम आहे, विचारेल त्याला सांगणार. नकार द्यायचा तर अर्जावर कारण लिहावं लागतं ना? लिहा, हिला जुनं काम कळत नाही. त्याच्याखाली मी ही तारीख लिहिते."

सरांनी अर्ज पुढे ओढला, पुन्हा मागे सारला. शेवटी बायकोनेच त्यांच्या हातात पेन दिलं. सही झाली.

बाहेर आल्यावर नवरा सवयीने मागच्या जिन्याकडे वळला. इतकी वर्षं चौकटी खांद्यावर घेऊन तिथूनच चढला बिचारा. मी त्याची बाही धरली आणि पुढच्या जिन्याने उतरले, सावकाश, कठड्यावर हात ठेवून. कठडाही आम्हीच बसवलेला आहे.